न्हाव्याची जुनी पथरी: साल कसं ओळखायचं, तोंड कसं तयार करायचं आणि पैसे मोजावेत का

साताऱ्यात राजवाड्यापासून मोती चौकापर्यंतच्या पेठांमध्ये जी जुनी केशकर्तनालयं टिकून आहेत, त्यांच्या आरशाखालच्या खणात अजूनही कधीकधी पथरी निघते. वस्तऱ्याची धार राखायचा हा लहानसा दगड. कुणी सिल्ली म्हणतं, कुणी पथरी. साधारण पाच इंच लांब, दोन इंच रुंद, अर्धा इंच जाड, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. दुकानात तिला आता काम उरलेलं नाही. एकच वस्तरा अनेकांच्या गालांवरून फिरला की हेपटायटिस बी आणि एचआयव्हीचा धोका असतो, म्हणून अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले. ते योग्यच झालं. पण घरी, स्वतःच्याच दाढीसाठी उघडा वस्तरा वापरणारे लोक वाढत आहेत आणि त्यांना ही पथरी हवी असते. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. तडा नसलेली, सपाट स्वाटी (मारिबोरच्या स्वाटी कारखान्याची पथरी) मिळाली तर घ्या. कार्बोरंडम या अमेरिकन कंपनीची दुतोंडी पथरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरायची, हात बसलेल्या माणसानेच घ्यावी. नाव पुसलेली पथरी नखाच्या परीक्षेत उतरली तरच घ्यावी. मधोमध खोल खळगा पडलेली पथरी कितीही जुनी असली आणि कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. ती सपाट करण्यात जी मेहनत आणि जो कागद जातो, तेवढ्यात दुसरी शोधून होते.

नखाची परीक्षा सोपी आहे. अंगठ्याचं नख पथरीवरून आडवं, हलकं ओढायचं. चांगली पथरी काचेसारखी लागते, पण काचेइतकी निसरडी नाही. नख जरा धरून ठेवल्यासारखं होतं. नखावर पांढरी भुकटी आली किंवा ओरखडे उमटले तर तो सुरी-विळ्याचा दगड आहे. बाजारात सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. सुताराच्या रंध्याचं पातं लावायचा दुरंगी दगड ‘वस्तऱ्याची जुनी सिल्ली’ म्हणून विकला जातो. त्याच्या बारीक बाजूवरूनही वस्तरा फिरवला तर धारेचे करवतीसारखे दात होतात.

पथरीचं काम नेमकं किती, हे कळलं नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट. बोथट वस्तरा ती धारदार करत नाही. ज्या वस्तऱ्याची धार मुळात नीट बसलेली आहे आणि जो रोज चामड्याच्या पट्ट्यावर परजूनही आता ओढू लागला आहे, त्याला ती पुन्हा कामाला लावते. भंगारातला, खड्डे पडलेला वस्तरा घेऊन थेट पथरीवर बसलात तर तासभर घासूनही काही होणार नाही. त्याला आधी एक हजार, मग तीन-चार हजार, मग आठ हजार नंबरचे पाण्यातले, म्हणजे पाणी घालून वापरायचे, दगड लागतात; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. पथरी त्यानंतरच्या सांभाळासाठी. घरच्या वापरात महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तीही मोजून पाच-सहा हातांपुरती; वस्तरा पथरीवरून जाऊन-येऊन एकदा फिरला की एक हात.

आता वयाकडे. पथरीवरच्या कंपनीच्या ठशाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तिची पेटी बोलते. म्हणून कुजका पुठ्ठा म्हणून पेटी फेकू देऊ नका. पथरी विकणाऱ्याकडे आधी पेटीच मागा.

ठसा अंधुक असेल तर टॉर्च समोरून न मारता पथरीच्या पातळीत, बाजूने आडवी धरायची. खोलगट अक्षरांच्या कडांना सावली येते आणि वाचता येतं. तरीही न जमल्यास फळ्यावरच्या खडूची पूड बोटाने अक्षरांत भरून वरची पुसून घ्यायची. रांगोळी कधीही वापरू नका, तिच्यातली दगडाची कच तोंडावर, म्हणजे पथरीच्या सपाट पृष्ठभागावर, चरे पाडते.

स्वाटीची गोष्ट ठशावरून बऱ्यापैकी लागते. फ्रांझ स्वाटी यांचा कारखाना १८७९ मध्ये आजच्या स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावात सुरू झाला. ते गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं आणि मारबुर्ग म्हणून ओळखलं जायचं. १९१८ मध्ये ते साम्राज्य मोडलं आणि १९२९ मध्ये नव्या राज्याचं अधिकृत नाव युगोस्लाव्हिया झालं. त्यामुळे ठशात ‘युगोस्लाव्हिया’ असेल तर पथरी त्या सुमाराची किंवा नंतरची, ‘ऑस्ट्रिया’ असेल तर बहुधा १९१८ पूर्वीची. बहुधा अशासाठी की जुने ठसे आणि जुन्या पेट्या कारखान्यात संपेपर्यंत वापरल्या जातातच. तीन ओळींच्या ठशाची स्वाटी संग्राहकांत जास्त नावाजलेली आहे. पण तोंड बिघडलेल्या तीन ओळींच्या पथरीपेक्षा तोंड शाबूत असलेली दोन ओळींची केव्हाही चांगली. दाढी ठशाने होत नाही.

कार्बोरंडमचं मूळ अमेरिकेत. एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी १८९१ मध्ये कंपनी काढली आणि १८९५ मध्ये ती नायगारा फॉल्सला गेली. म्हणजे पेटीवर नायगारा फॉल्सचा पत्ता असलेली कुठलीही पथरी १८९५ च्या आधीची असूच शकत नाही. विकणारा शंभर शपथा घेवो. पाइक या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या पथऱ्यांनाही अशीच एक खूण आहे. ती कंपनी १९३२ मध्ये नॉर्टन या कंपनीकडे गेली, त्यामुळे दोन्ही नावं एकत्र असतील तर माल त्यानंतरचा. अमेरिकन पेटीवर शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग क्रमांक असेल तर ती १९४३ ते १९६३ मधली, आणि पाच आकडी झिप (तिकडचा पिन कोड) असेल तर १९६३ नंतरची.

आपल्याकडे विकल्या गेलेल्या पेट्यांवर याहून पक्के पुरावे सापडतात. किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. कार्बोरंडम युनिव्हर्सल ही मद्रासची कंपनी १९५४ ची, तेव्हा तिचं नाव असलेली पथरी ‘इंग्रजांच्या काळातली’ म्हणून कुणी हातात दिली तर ती तशीच परत करा.

आणि आपल्या भागातली सर्वांत सुंदर खूण म्हणजे दुकानदाराचा रबरी शिक्का. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं आणि उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला. पेटीच्या झाकणाच्या आत जांभळ्या शाईत ‘उ. सातारा’ किंवा ‘द. सातारा’ दिसलं की ती पेटी बहुधा त्या अकरा वर्षांत विकली गेली. ‘सांगली स्टेट’ किंवा ‘औंध स्टेट’ असा शिक्का असेल तर ती बहुधा मार्च १९४८ च्या आधी दुकानात पोचलेली, कारण तेव्हा दक्षिणेतली ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. पथरी मारिबोरमध्ये केव्हा भाजली हे शिक्का सांगत नाही. ती इथल्या माणसाच्या हाती केव्हा आली ते सांगतो. मला तरी ते जास्त मोलाचं वाटतं.

घेण्याआधी तडा बघायचा. पथरी ओली करून फडक्याने पुसा आणि मिनिटभर नजर ठेवा. सगळं तोंड वाळतं, पण तड्यात पाणी राहतं आणि केसासारखी काळी रेघ उरते. मग पथरी दोन बोटांवर तोलून लाकडी पेन्सिलीने टिचकी मारा. सलग पथरी खणकन वाजते, तडकलेली भदभद. टवका कोपऱ्याला असेल तर चालतो. तोंडाच्या मधल्या भागात असेल तर नको, कारण वस्तऱ्याची धार प्रत्येक हाताला त्याच्यावरून जाणार.

घरी आणल्यावर पहिलं काम सफाईचं. तोंडावर पाण्याचा थेंब सोडा. तो मण्यासारखा उभा राहिला तर आत तेल किंवा जुना साबण आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे आठ-दहा थेंब टाकून पथरी तीन-चार तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. थेंब पसरेपर्यंत पुन्हा करा. उकळतं पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. थिनर आणि स्पिरिट लांबच ठेवा: काही जुन्या पथऱ्या लाखेसारख्या डिंकाने बांधलेल्या असतात आणि तो स्पिरिटमध्ये सुटतो, शिवाय ठशातला रंगही जातो. भांड्यांची पावडरही नको, तिच्यात खरखरीत माती असते. तोंडावर काळपट चकाकी राहिली असेल तर तो पोलादाचा थर आहे. तो शाळेच्या साध्या खोडरबराने कोरड्यावरच निघतो. पुष्कळदा एवढ्यावरच पथरी कामाला तयार होते आणि पुढचं काही करावंच लागत नाही.

नवखा माणूस चुकतो ते इथेच. आणल्या आणल्या तो तिला खरखरीत कागदावर घासून ‘नवी’ करतो. पथरीचा बारीकपणा फक्त तिच्या दाण्यात नाही, वर्षानुवर्षं पोलाद फिरून त्या दाण्यांची टोकं झिजली आहेत, त्यातही आहे. ती झिलई गेली की तीच पथरी दुप्पट वेगाने कापते आणि धार ओबडधोबड करते. म्हणून आधी सपाटी मोजायची आणि गरज असेल तेवढंच घासायचं.

मोजायला सुताराचा गुण्या (काटकोन बघायची पट्टी) घ्या. त्याची कड पथरीवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून उजेडाकडे बघा. मधून उजेडाची बारीक फट दिसली की खळगा आहे. फट जेमतेम दिसत असेल आणि फक्त लांबीत असेल तर हात लावू नका. रुंदीत असेल तर मात्र घासावं लागेल.

त्यासाठी आठ किंवा दहा मिलिमीटर जाडीची काच लागते. काचवाल्याकडे साधारण एक फूट चौरस तुकडा कापून मिळतो. शहाबादी किंवा कडाप्पा फरशी दिसायला सपाट असली तरी या कामाला पुरेशी सपाट नसते, ओट्यावर तर मुळीच करू नका. काळा वॉटर पेपर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सुटा मिळतो. ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे दोन-दोन कागद घ्या. खळगा मोठा असेल तरच एखादा ४०० चा. पोचे काढणारे मेकॅनिक व्हॉल्व्ह घासायची पेस्ट सुचवतात. ती घेऊ नका, तिचे मोठे दाणे आणि ग्रीस पथरीच्या छिद्रांत बसले की निघत नाहीत.

ठसा बहुधा एकाच तोंडावर असतो, तो वर ठेवा आणि कोरं तोंड कामाचं धरा. ठशाचं तोंड घासलं की पथरीची ओळख गेली. कोऱ्या तोंडावर पेन्सिलीने एकेक सेंटिमीटरवर उभ्याआडव्या रेघा मारा. कागद ओला करून काचेवर चिकटवा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, आणि पथरी इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. हात जड नको; दाब दिला की कडा जास्त जातात. दर वीस फेऱ्यांनी पथरी उलट टोकाने धरा, रेघा बघा, कागद आणि पथरी दोन्ही वाहत्या पाण्याखाली धुवा. सुटलेला दाणा कागदावर राहिला तर तोच चरा पाडतो. सगळ्या रेघा गेल्या की पुढचा नंबर. प्रत्येक नंबरवर पुन्हा रेघा मारायच्या आणि पुन्हा घालवायच्या, म्हणजे आधीच्या नंबरचे चरे गेले का ते कळतं. कार्बोरंडमवर कागद फार लवकर बोथट होतो, कारण कागदावरचा दाणा आणि पथरीतला दाणा एकाच जातीचा. तिथे दुप्पट कागद धरून चाला.

२००० झाल्यावरही पथरी तयार नसते. सुताराच्या पटाशीची सपाट पाठ, साबणाच्या पाण्यात, तोंडभर शंभरेक वेळा फिरवायची. सुरुवातीला खरखर ऐकू येते, हळूहळू आवाज मऊ होतो आणि पटाशी घसरू लागते. गेलेली झिलई अशी परत येते. पटाशीच्या कडा आधी मोडून घ्या, नाहीतर नव्या तोंडावर पहिला ओरखडा तीच काढील.

शेवटी पथरीच्या चारही कडा ६०० च्या कागदावर तिरप्या धरून मिलिमीटरभर घासून मोडा. हे काम लोक विसरतात आणि वस्तऱ्याला टवके पडले की दोष पथरीला देतात. वस्तऱ्याचं पातं सुमारे तीन इंच, पथरी दोन इंच रुंद. तेव्हा पातं तिरकं सरकत कडेवरून बाहेर जाणारच. कड तीक्ष्ण असली की धार तिथेच अडकते.

वापरताना तोंडावर दाढीचा फेस पातळ करून लावा. साधं पाणीही चालतं. नळाला येणारं कास तलावाचं पाणी ठीक, बोअरचं असेल तर नंतर पुसून घ्या, क्षारांचा पांढरा थर बसतो. पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी पथरीला टेकलेली हवीत. धार पुढे ठेवून, टाचेकडून (पात्याच्या मुठीकडच्या बाजूकडून) टोकाकडे तिरकं सरकवत न्यायचं, शेवटी पाठीवर उलटून परत आणायचं. धारेवर उलटवलं तर धार तिथेच मुडपते. जाऊन-येऊन एक हात. पहिले दोन हात वस्तऱ्याच्या वजनात बोटाचा अगदी हलका भार मिळवून, पुढचे तीन नुसत्या वस्तऱ्याच्या वजनाने. एवढंच. मग चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास वेळा परजणं. कोल्हापुरी चपलेसाठी झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं यासाठी चांगलं, मात्र त्याची गुळगुळीत बाजू वर घ्यावी.

पाच हात देऊनही काही फरक पडला नाही, तर हात वाढवू नका. आधी धारेला काळा मार्कर लावा, दोन हात द्या आणि घड्याळजीच्या दहापट भिंगातून बघा. शाई धारेच्या अगदी शेवटच्या रेषेपर्यंत पुसली गेली असेल तर पथरी धारेला लागते आहे. शाई धारेच्या मागे पुसली गेली आणि त्या रेषेवर राहिली असेल तर आधीच्या माणसाने पाठीवर चिकटपट्टी लावून धार काढली होती, आणि तुम्ही पट्टीशिवाय घासताय. पट्टी लावा, कोन जुळेल. शाई फक्त पात्याच्या टाचेला आणि टोकाला गेली, मधे राहिली, तर पथरी अजून खळगी आहे किंवा पातं वाकडं आहे.

उलट चूक जास्त होते: हात जास्त होणं. ही पथरी कडक, झपाट्याने कापणारी. पंधरा-वीस हात दिले की धारेच्या टोकाला पोलादाची नाजूक तार उभी राहते. हाताच्या केसांवर वस्तरा भन्नाट चालतो आणि गालावर आग पाडतो. भिंगाखाली दिव्याच्या उजेडात ती ओळखू येते. नीट धार वरून पाहिली तर काहीच चमकत नाही, कारण उजेड परतवायला जागाच नसते. तार असलेल्या धारेवर तुटक पांढरे ठिपके लुकलुकतात. उपाय: पाठ पुढे ठेवून दोन-तीन हात उलटे, मग धार पुढे ठेवून तीन अगदी हलके, मग पट्टा. स्वाटी या चुकीला बरीच सांभाळून घेते. कार्बोरंडम घेत नाही. तिच्यावर सहाव्या-सातव्या हातालाच तार दिसू लागते, म्हणून वर म्हटलं की हात बसल्याशिवाय ती घेऊ नये. पण हात बसलेल्याला तीन हातांत काम करून देणारी तीच.

बारीकपणाच्या आकड्यांत अडकू नका. ‘आठ हजार ग्रिट’ असं विकणारे सांगतात, पण या पथऱ्यांवर तसा आकडा बहुधा नसतोच, आणि तोंड कसं तयार केलं यावर एकाच पथरीचा परिणाम बदलतो. ज्याला सगळी धार मुळापासून काढायची आहे त्याने नवे पाण्यातले दगडच घ्यावेत; जुनी पथरी त्यांची जागा घेत नाही.

पावसाळ्यात इथली हवा चार महिने ओली असते. पथरीला त्याने काही होत नाही, वस्तऱ्याला होतं. पुसून, शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर फिरवून ठेवा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. तेल पथरीला लागू देऊ नका. पथरी कापडात गुंडाळून लाकडी पेटीत, वर वजन न ठेवता. फरशीवर पडली तर ती हमखास मोडते. पण मोडलेला तुकडा अडीच-तीन इंचांचा असेल तर कड मारून हातात धरायला तो उत्तम चालतो: वस्तरा स्थिर ठेवून पथरीच त्याच्यावरून फिरवायची, हात तेवढेच मोजायचे.